करुण गेला, जितेश गेला, तरी वऱ्हाडातला माणूस विदर्भाच्याच स्कोअरकार्डवर का अडकतो?

अकोल्यात जठारपेठेच्या चौकात संध्याकाळी क्रिकेटवर गप्पा निघाल्या की आयपीएलचा विषय पाच मिनिटांत संपतो. मग गाडी विदर्भाच्या संघावर येते आणि एक प्रश्न हमखास पडतो: "एवढे चांगले खेळाडू आले अन् गेले, मंग आपला संघ नेमका कोनता?"

प्रश्न साधा वाटतो, पण गेल्या दोन वर्षांत त्याला धार आली आहे. अमरावतीचा जितेश शर्मा २०२५ मध्ये विदर्भ सोडून बडोद्याकडे गेला. विदर्भाला रणजी जिंकून देणारा करुण नायर त्याच वर्षी आपल्या घरी, कर्नाटकात परतला. त्याआधी आदित्य सरवटे केरळकडे आणि रजनीश गुरबानी महाराष्ट्राकडे गेला होता. मोबाईलवर स्कोअर बघणाऱ्या चाहत्याने नेमकं कोणाला धरून राहायचं?

आधी नियम समजून घेऊ. खेळाडूला एका राज्याकडून दुसरीकडे जायचं असेल तर मूळ संघटनेचं ना हरकत प्रमाणपत्र, म्हणजे एनओसी लागते. फुटबॉलसारखी इथे खेळाडूची किंमत एका क्लबकडून दुसऱ्याला जात नाही. एखाद्या संघाला बाहेरचे जास्तीत जास्त तीन खेळाडू खेळवता येतात. क्रिकेटच्या भाषेत ते 'प्रोफेशनल', गप्पांच्या भाषेत 'पाहुणे'. सामन्याचं मानधन बीसीसीआय देतं आणि ते सगळीकडे सारखंच आहे: ४० पेक्षा जास्त सामने खेळलेल्याला दिवसाला ६० हजार, नवख्याला ४० हजार. पाहुण्याला राज्य संघटना त्यावर वेगळा करार देते. बहुतेक राज्यं असे खेळाडू आणतात.

विदर्भाला या पाहुण्यांची गरज का पडली, हे कळायला थोडं मागे जावं लागेल. विदर्भ रणजीत उतरला १९५७-५८ मध्ये. त्याआधी 'मध्य प्रांत आणि वऱ्हाड' या नावाचा संघ खेळायचा, म्हणजे तेव्हा वऱ्हाड निदान संघाच्या नावात तरी होतं! नागपूरचे सी. के. नायुडू भारताचे पहिले कसोटी कर्णधार झाले, पण रणजीत त्यांचं मोठं नाव झालं ते इंदूरच्या होळकर संघाकडून. थोडक्यात, आपला मोठा खेळाडू दुसऱ्याने नेणं हे इथे आयपीएलच्या खूप आधीपासूनचं दुखणं आहे. पुढची साठ वर्षं विदर्भाने रणजी जिंकलीच नाही.

मग २०१५-१६ मध्ये मुंबईचा वसीम जाफर आला. प्रशिक्षक म्हणून चंद्रकांत पंडित आले. कर्णधार मात्र नागपूरचाच फैज फजल होता. १ जानेवारी २०१८ ला विदर्भाने दिल्लीला नऊ गडी राखून हरवलं आणि पहिल्यांदा रणजी उचलली. मैदान होतं इंदूरचं, होळकरांच्याच नावाचं. गुरबानीने त्या सामन्यात हॅटट्रिक घेतली. अकोल्याच्या आदित्य ठाकरेने तर प्रथम श्रेणीतलं पदार्पणच त्या अंतिम सामन्यात केलं. त्या हंगामात आपण विदर्भाकडून कराराचे पैसे घेतले नव्हते, असं जाफरने नंतर सांगितलं. आधीच्या हंगामात तो दुखापतीमुळे खेळू शकला नव्हता, त्याची ती परतफेड होती. पुढच्याच वर्षी, चाळिशीत, त्याने हजारावर धावा केल्या आणि विदर्भाने सलग दुसऱ्यांदा रणजी जिंकली. पाहुणा म्हणजे पैशासाठी आलेला भाडोत्री, या समजाला हे उदाहरण काही बसत नाही.

करुणची गोष्ट उलट्या बाजूने बघावी लागेल. भारताकडून कसोटीत त्रिशतक ठोकलेला हा माणूस कर्नाटकच्या संघातूनही बाहेर पडला होता आणि क्रिकेटकडे आणखी एक संधी मागत होता. ती विदर्भाने दिली. मार्च २०२५ च्या रणजी अंतिम सामन्यात त्याने जामठ्यावर केरळविरुद्ध ८६ आणि १३५ धावा केल्या. पहिल्या डावातल्या ३७ धावांच्या आघाडीवर विदर्भ तिसऱ्यांदा विजेता ठरला. काही महिन्यांत करुण भारतीय कसोटी संघात परतला आणि नंतर कर्नाटकातही. यात फसवणूक कोणाची झाली? कोणाचीच नाही. दोघांनाही एकमेकांची गरज होती आणि दोघांचंही काम झालं.

त्याच सामन्यात केरळकडून ७९ धावा करून विदर्भाला घाम फोडणारा होता नागपूरचा आदित्य सरवटे. २०१९ च्या अंतिम सामन्यात विदर्भाकडून ११ बळी घेणारा तोच. उपांत्य फेरीत गुजरातचा शेवटचा गडी बाद करून केरळला दोन धावांची आघाडी मिळवून देणाराही तोच. म्हणजे जामठ्यावर घरचा पोरगा समोरच्या बाजूने खेळत होता आणि बाहेरचा माणूस आपल्या बाजूने. त्या दिवशी टाळी कोणासाठी वाजवायची, हा गोंधळ खराच होता.

हे कोल्हापूरवाल्यांना विचारा. शाहू स्टेडियमवर पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, शिवाजी या संघांमध्ये खेळाडूंची अदलाबदल होत असते, आफ्रिकेतून आलेले खेळाडूही इथे खेळून गेले आहेत. पण प्रेक्षक पेठ बदलत नाही. तालीम गल्लीतच असते, संघाचा कार्यकर्ता ओळखीचा असतो. खेळाडू गेला तरी पाठिंबा देण्याची जागा शिल्लक राहते.

अकोल्याची अडचण इथेच आहे. संघाचं घर अडीचशे किलोमीटरवर, नागपूरच्या पलीकडे जामठ्याला. विदर्भ क्रिकेट म्हणजे नागपूर, ही तक्रार पश्चिम विदर्भात जुनी आहे आणि पूर्ण चुकीची नाही. इथल्या माणसाचं संघाशी नातं जुळतं ते संघात आपला पोट्टा असला तरच. म्हणून जितेशचं जाणं अमरावतीत जास्त लागतं. आयपीएलमध्ये बंगळूरुने त्याच्यावर ११ कोटी लावले, २०२५ मध्ये लखनौविरुद्ध त्याने ३३ चेंडूंत नाबाद ८५ केल्या, संघ विजेता ठरला. विदर्भाच्या रणजी संघात मात्र कर्णधार अक्षय वाडकर स्वतःच यष्टिरक्षक आहे. तिशी ओलांडलेल्या यष्टिरक्षकाने अशा वेळी दुसरा संघ शोधला, तर त्याला गद्दार म्हणणं अन्यायाचं आहे. फेसबुकवर कोणी तसं लिहीत असेल तर त्याने एकदा ही अडचण बघावी.

पाहुण्यांमुळे स्थानिक पोरांची जागा जाते का, हा त्याहून मोठा सवाल आहे. तीन जागा म्हणजे अकरातल्या तीन, कमी नाहीत. पण करुण असलेल्या २०२४-२५ च्या हंगामात यश राठोडने ९६० धावा केल्या, हर्ष दुबेने ६९ बळी घेऊन रणजीत एका हंगामातल्या बळींचा विक्रम केला आणि अंतिम सामन्यात दानिश मालेवारने १५३ ठोकल्या. तिघेही विदर्भातच तयार झालेले. पाहुणा एका बाजूने उभा राहिला म्हणून ही पोरं मोकळी खेळली, असंच आकडे सुचवतात. उलट पाहुणे असतील आणि अशी पोरं नसतील, तेव्हा तक्रार नक्की करावी.

करुण आणि जितेश गेल्यावर काय झालं? ऑक्टोबर २०२५ मध्ये इराणी करंडकात विदर्भाने शेष भारताला ९३ धावांनी हरवलं. पहिल्या डावात १४३ धावा अथर्व तायडेच्या. जानेवारी २०२६ मध्ये विजय हजारे करंडकाच्या उपांत्य सामन्यात समोर कर्नाटक होतं, म्हणजे करुणही. विदर्भ जिंकला. अंतिम सामन्यात सौराष्ट्राला ३८ धावांनी हरवून विदर्भाने ही स्पर्धा पहिल्यांदा जिंकली. सलामीला येऊन १२८ धावा करणारा पुन्हा अथर्व तायडेच.

अथर्व अकोल्याचा आहे. आयपीएलमध्ये तो आधी पंजाबकडून आणि नंतर हैदराबादकडून खेळला. उद्या रणजीतही दुसऱ्या एखाद्या राज्याने त्याला बोलावलं, तर जठारपेठेत त्यावर दोन दिवस भांडण होईल हे नक्की.