कल्हईची चकाकी आणि शिसं



पितळी भांड्यांची शिफारस करणाऱ्या गेल्या अंकातल्या पत्रात विचारलं आहे, ‘आजीने जन्मभर त्यातच आमटी केली, तिला काय झालं?’ आजीच्या पातेल्याला निव्वळ कथलाची कल्हई असेलही. पण कथील महाग, शिसं स्वस्त. भेसळीचा मोह तिथेच होतो. तापल्या पातेल्यात नवसागर पडतो, पांढरा धूर उठतो, कापसाचा बोळा फिरतो आणि भांडं चांदीसारखं उजळतं. त्या चकाकीत शिसं आहे का, हे डोळ्यांना कळत नाही. चिंच-कोकमाच्या आंबटाने मात्र ते आमटीत उतरतं.

पोटात गेलेलं शिसं लहान मुलं मोठ्यांच्या चौपट-पाचपट शोषून घेतात. ते हाडांत वर्षानुवर्षं साठतं, मेंदूच्या वाढीवर घाला घालतं. ताप नाही, पुरळ नाही; पोर अभ्यासात मागे पडतं आणि आपण त्यालाच बोल लावतो, याचं मला फार वाईट वाटतं. सुरक्षित म्हणावी अशी शिशाची पातळीच नाही, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. पत्रलेखकाने हे एका वाक्यात तरी लिहायला हवं होतं.

कल्हईच्या कथलाची खात्री नसेल, तर निदान सार, आमटी, सोलकढी स्टीलच्या भांड्यात करा.

– एक वाचक, सातारा