गाळाचे श्रेय थंडीला

इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यालगत १५४५ साली बुडालेले ‘मेरी रोज’ हे युद्धजहाज थंड, गढूळ आणि जेमतेम दहा-पंधरा मीटर खोल पाण्यात होते. १९७१ मध्ये ते सापडले. शेकडो हौशी पाणबुड्यांनी तिथे बुड्या मारून मोजमापे घेतली आणि १९८२ मध्ये त्याचा सांगाडा वर आणला गेला. या उदाहरणाच्या जोरावर पनवेल परिसरातल्या स्कूबाप्रेमींत एक मत छातीठोकपणे मांडले जाते. जुनी जहाजे थंड समुद्रातच टिकतात, कोकणचे कोमट पाणी सारे खाऊन टाकते. सबब इथल्या हौशी माणसाने पासपोर्ट काढावा, नाहीतर सरकारने जहाज मुद्दाम बुडवण्याची वाट पाहावी. नौदलातून २०२४ मध्ये निवृत्त झालेली ‘गुलदार’ ही नौका निवतीजवळ बुडवण्याच्या योजनेने या मताला आणखी चेव आला आहे.

लाकडी जहाजाचा खरा वैरी लाकूड पोखरणारा शिंपलेवर्गीय किडा. तो थंडीला फारसा भीत नाही, पण कमी खारट पाण्यात त्याचा निभाव लागत नाही. १६२८ मध्ये स्टॉकहोमच्या बंदरात बुडालेले ‘वासा’ १९६१ मध्ये जवळजवळ अख्खे निघाले, कारण बाल्टिकचे पाणी निमखारे आहे. इंग्लंडचा समुद्र थंड खरा, पण चांगला खारट. तिथे किड्याला काही वाण नाही. म्हणून ‘मेरी रोज’चा गाळाबाहेर राहिलेला भाग नाहीसा झाला आणि गाळात रुतलेली उजवी बाजू तेवढी वाचली. गाळात प्राणवायू पोचत नाही, किडा जगत नाही, कुजण्याचा वेग मंदावतो. थंडीने कुजणे आणखी थोडे लांबते, हे मान्य. पण मुख्य काम चिखलाचे. आता चिखलाच्या बाबतीत पनवेलच्या खाडीने कोणापुढे हात पसरावा अशी स्थिती नाही! ज्या गाळाला ही मंडळी नाक मुरडतात, त्याच गाळाने त्यांचे लाडके विलायती जहाज राखले. खाडीतला गाळ म्हणजे उपसण्याची किंवा भराव घालून बुजवण्याची घाण, ही समजूत जुनीच आहे. त्यावरचे वादही जुनेच, आणि गाळाच्या पोटात काय असेल हा प्रश्न त्यात क्वचितच येतो.

शिवाय जहाज म्हणजे केवळ लाकूड नव्हे. गोव्यात सुंची खडकाजवळ अवघ्या तीन ते सहा मीटर खोलीवर राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या पाणबुड्यांना सतराव्या शतकातल्या पोर्तुगीज जहाजाचे अवशेष मिळाले: लोखंडी तोफा, नांगर, हस्तिदंत, पाणघोड्याचे दात, चिनी मातीची भांडी. सेंट जॉर्ज खडकापाशी ‘बासेल मिशन टाइल वर्क्स १८६५’ असा छाप असलेली कौले सापडली. कोमट पाण्याने एवढे ‘खाऊन टाकल्यावर’ हे उरले आहे.

पाणी गढूळ, ही तक्रार ‘मेरी रोज’वर उतरणाऱ्यांनाही करता आली असती. हौशी लोक वस्तू पळवतात, हा आक्षेप त्याच जहाजावर राबलेल्या शेकडो हौशींनी निकालात काढला. राहिला ‘रामदास’. १७ जुलै १९४७ रोजी रेवसला जाताना काशाच्या खडकाजवळ ही बोट बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसे गेली. तिच्यावर सहली काढाव्यात ही सूचना अधूनमधून डोके वर काढते. याच किनाऱ्यावर ज्यांच्या घरचे माणूस त्या दिवशी परतले नाही अशी कुटुंबे आहेत, एवढे सांगितले म्हणजे पुरे.

कोकण-गोव्यात करण्याजोगे काम साधे आहे. आधी अवशेषांचा नकाशा, मग प्रशिक्षित हौशींना जाणत्यांच्या देखरेखीखाली प्रवेश, आणि कशालाही हात न लावण्याची अट. शंभर वर्षांहून जुन्या वस्तू १९७२ च्या पुरावस्तू कायद्याच्या व्याख्येत बसतात, त्यामुळे ही अट ऐच्छिक समजू नये. तारकर्लीला स्कूबाचे शिक्षण मिळते. पावसाळा सोडून बुडी मारता येते, जाड ड्रायसूटही लागत नाही. उथळ खडकावर लाटांची ओढ मात्र जोरदार असते. तिथे पाण्यात एका पातळीवर तरंगत राहण्याचे कसब नसलेला माणूस तोफेवर आपटेल, म्हणून हा सराव आधी तलावात पक्का करून घ्यावा लागतो.