आईचे माप



आमच्या काष्टीचा शनिवारचा जनावरांचा बाजार पंचक्रोशीत सर्वांना ठाऊक आहे. त्या बाजाराच्या गर्दीतून डोक्यावर पत्र्याचा डबा घेऊन बेकरीकडे निघालेली माझी आई मात्र कुणाच्या लक्षात असण्याचे कारण नाही. मला ती आठवते, म्हणून आज तिच्याविषयी चार शब्द.

चाळिशी ओलांडलेल्या वाचकांना ही पद्धत आठवत असेल. उन्हाळ्याची सुट्टी लागली की घरचा मैदा, बेसन, साखर आणि डालडा डब्यात भरून बेकरीत न्यायचा आणि नानकटाई भाजून आणायची. बेकरीवाला किलोमागे मजुरी घेई. पहाटेचे पाव निघाले की भट्टीची आच उतरू लागे. दुपारी त्याच उतरत्या आचेवर नानकटाईचे पत्रे आत जात. कडक आच नानकटाईला सोसत नाही. वरून करपते आणि आत कच्ची राहते. पीठ मळायला बाया स्वतः बसत. आम्ही पोरे पत्र्यांची राखण करायचो, आपला पत्रा दुसऱ्याच्या डब्यात जाऊ नये म्हणून.

पुण्यात १८९० साली पंचहौद मिशनमध्ये चहा-बिस्किटे घेतल्यावरून केवढे वादळ उठले होते! न्यायमूर्ती रानडे, लोकमान्य टिळक यांच्यासारख्यांवरही प्रायश्चित्ताची पाळी आली. आमच्या गावच्या भट्टीत मात्र सगळ्या आळ्यांचे पत्रे एकाच तोंडातून आत जात. आईला त्याचे फार अप्रूप वाटे. "इस्तवाला समदी सारखीच," ती म्हणायची.

१९७२ च्या दुष्काळात आई खडी फोडायला जात होती. कामावर मिळणारी सुकडी ती पदरात बांधून घरी आणी. आधी दुसऱ्याला, मग आपल्याला, ही सवय तिची पुढेही गेली नाही. नानकटाईचा डबा घरी आला की अख्ख्या नानकटाया आम्हा भावंडांना, पाहुण्यांना, शेजाऱ्यांना. तळाचा चुरा चहात टाकून ती खायची. "मला चुराच ग्वाड लागतो," असे म्हणायची. आम्ही ते खरे मानले. ते खरे मानणे आमच्या सोयीचे होते.

तीन वर्षांपूर्वी आई गेली. पहिल्या स्मृतिदिनी पुण्यानुमोदनाला मांडव घालून जेवणावळ करावी, असे काही नातेवाइकांनी सुचवले. पतसंस्थेतून कर्ज मिळेल, असेही म्हणाले. बाबासाहेबांनी १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला दिलेल्या बावीस प्रतिज्ञांत श्राद्ध-पिंडदान न करण्याची प्रतिज्ञा आहे. श्राद्ध सोडायचे आणि त्याचा खर्च मात्र दुसऱ्या नावाने करायचा, हे मला पटेना. बुद्धवंदना घ्यावी आणि आईची नानकटाई घरच्या सर्वांनी मिळून करावी, वाटावी, असे ठरले.

इथेच माझी फजिती झाली. मी बी. कॉम. झालेला कारकून. वीस वर्षे दुसऱ्यांचे पै-पैचे हिशेब लिहितो आहे. आईचे माप मात्र एका ओळीनेही लिहून ठेवले नव्हते. तिला लिहिता येत नव्हते. मला येत होते. कान तुटलेला एक चिनी मातीचा कप हे तिचे माप, आणि तो केव्हाच फुटला होता. गावातली ती जुनी भट्टीही बंद झालेली. अंदाजाने पीठ मळले, गॅसवर पातेल्यात भाजले. पहिला घाणा पसरून पापड झाला. मुलगी रडवेली झाली.

शेवटी आईबरोबर बेकरीत मळायला बसणारी शेजारची मावशी आली. पीठ बघूनच म्हणाली, "आरं, तू पातळ तूप वतलंस, मग ते पसरंल न्हाईतर काय? थिजल्यालं तूप आन साखर हाताच्या तळव्यानं फेसायची, पांढरी हुईस्तवर. तुझ्या आईचा हात दुखायचा, पर ती थांबायची न्हाई."

मग मावशीने अंदाजाने काढावे आणि मुलीने ते वजनकाट्यावर ठेवून वहीत मांडावे, असे सुरू झाले. फेसायला मी बसलो. हात भरून आला, तेव्हा आईचे कष्ट कळले. वहीत उतरलेले माप असे: मैदा २०० ग्रॅम, बेसन ५० ग्रॅम, पिठीसाखर १२५ ग्रॅम, थिजलेले तूप १४० ग्रॅम, चिमूटभर खायचा सोडा आणि वेलदोड्याची पूड. जाड बुडाच्या पातेल्यात मिठाचा थर द्यावा, त्यावर रिंग ठेवावी आणि झाकण लावून दहा मिनिटे तापवावे. मग ताटलीत अंतर ठेवून गोळे मांडावेत आणि मंद आचेवर २० ते २५ मिनिटे भाजावे. गरम असताना नानकटाई मऊ लागते, म्हणून घाईने उचलू नये. गार झाली की खुसखुशीत होते.

पहिली चांगली नानकटाई मी मावशीच्या हातात ठेवली. तिने सवयीने अर्धी मोडून माझ्या मुलीपुढे धरली. मुलीने तो तुकडा परत तिच्याच हातात दिला. "आजी, आज अख्खी तुमची," म्हणाली. मावशी खाली बघून हळूहळू खात राहिली.

बंधू-भगिनींनो, ज्यांच्या घरी आई आहे त्यांनी आजच वही घेऊन तिच्या शेजारी बसावे. तिचे माप लिहून घ्यावे, मुलग्यांनीही पीठ मळावे. आणि डबा उघडला की पहिली अख्खी तिच्या हातात द्यावी. "मला चुराच आवडतो," असे ती म्हणेल. तिचे ऐकू नये. मी ऐकले, ते आता भरून निघत नाही.

जयभीम.