पटाचा नियम आणि नांगराचा बैल

नियम आले आणि शंकरपटाची रंगत गेली, असे अलीकडे पुष्कळदा ऐकू येते. बोरी अरबच्या शिवारात, दारव्हा तालुक्यातल्या कापूस-सोयाबीनच्या मुलखात, असे म्हणणारे बहुधा पट पाहतच वाढलेले जाणते लोक असतात. म्हणून त्यांचे म्हणणे निव्वळ स्मरणरंजन ठरवून बाजूला सारता येत नाही. तरीही ते आम्हाला पटत नाही. (कोटी अभिप्रेत नाही.)

सर्वोच्च न्यायालयाने ७ मे २०१४ रोजी बैलांच्या शर्यती बंद केल्या. महाराष्ट्राने २०१७ मध्ये कायद्यात दुरुस्ती केली, ती उच्च न्यायालयात अडली. १६ डिसेंबर २०२१ रोजी सशर्त परवानगी मिळाली आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने ती दुरुस्ती वैध ठरवली. आता प्रशासनाची परवानगी हवी, अनामत हवी, आणि मुख्य म्हणजे आर, चाबूक, विजेचा धक्का हे सारे निषिद्ध. हे सगळीकडे कसोशीने पाळले जाते, असा आमचा दावा नाही. पण जिथे पाळले जाते तिथे धुरकऱ्याच्या हाती उरतो तो कासरा आणि आवाज. दोन बैलांचा मेळ किती बसला आहे, जोडी माणसाला किती ओळखते, हे मग लपत नाही. आरीच्या टोकाने काढलेला वेग हा बैलाचा वेग नव्हे, भयाचा वेग. त्याला रंगत म्हणायचे असेल तर शब्दाचा अर्थच तपासावा लागेल. वृत्ताने कवितेचा जीव जातो की तिला कस लागतो, या जुन्या वादात मुरलेल्या आपल्या वाचकांना हा मुद्दा विस्ताराने सांगण्याची गरज नाही. काय करू नये एवढेच सांगणारा नियम बाकीचे रान मोकळे ठेवतो.

पण नियमाची दुसरीही एक जात आहे: सर्वांनी सारखेच असावे, असे सांगणारी. ती पाहायची तर अमेरिकेतल्या स्टॉक कार शर्यतींकडे जावे लागते. ‘स्टॉक’ म्हणजे दुकानात मिळते तशी, न बदललेली गाडी. नासकार ही संस्था १९४८ साली निघाली आणि १९ जून १९४९ रोजी शार्लट येथे अशा गाड्यांची तिची पहिली शर्यत झाली. ग्लेन डनवे पहिला आला. तपासणीत त्याच्या गाडीच्या मागच्या स्प्रिंगा बदललेल्या निघाल्या (गाडी चोरट्या दारूच्या वाहतुकीतली होती), आणि विजय जिम रोपरला दिला गेला. तेव्हाच्या नियमाचा आग्रह एवढाच होता की गाडी रस्त्यावरचीच असावी. २००१ मध्ये डेल अर्नहार्ट शर्यतीत मरण पावला आणि सुरक्षिततेचे नियम कडक झाले, ते योग्यच होते. पण २०२२ पासूनच्या गाड्यांचा सांगाडा आणि बहुतेक सुटे भाग ठरावीक पुरवठादारांकडूनच येतात. शेवरोले, फोर्ड, टोयोटा हा भेद बराचसा वरच्या कवचापुरता उरला आहे. ५ मे २०२४ रोजी कॅन्सासला कायल लार्सनने ०.००१ सेकंदाने बाजी मारली. उत्कंठा खरी, पण डोळ्यांना न दिसणारा आणि यंत्राने सांगावा लागणारा विजय ही स्पर्धकांच्या सारखेपणाचीही खूण आहे.

शंकरपटावर असा सारखेपणा कोणत्याही कायद्याने लादला नाही. तो बक्षिसांनी आणला. बक्षीस वाढत गेले तसा पटाचा बैल हा निराळाच प्राणी झाला: नांगराला जुंपायचा नाही, खुराक वेगळा, सराव वेगळा, किंमत लाखांत. वर्धा-नागपूरकडचा चपळ पायांचा गवळाऊ गाडीलाही चाले आणि शेतालाही. आता तो बैल दुर्मीळ होत चालला आहे. जाणत्यांची हळहळ आम्हाला समजते, फक्त तिचा पत्ता चुकला आहे. पूर्वी धावणारी जोडी आदल्या आठवड्यात कुणाच्या वावरात होती, हे बघ्यांना ठाऊक असे. नांगराचा बैल हाच पटाचा ‘स्टॉक’ होता. गेला तो, आर नव्हे.

म्हणून नियम वाढवायचाच असेल तर आम्ही एक सुचवू: प्रत्येक पटात शेतात राबणाऱ्या जोड्यांचा वेगळा गट असावा आणि मोठे बक्षीस त्यालाच असावे. बैल राबतो हे ओळखायचे कसे, असे कोणी विचारील. शार्लटला स्प्रिंगा पाहिल्या होत्या; इथे खांद्यावरचा घट्टा पाहावा. पेरणीपासून उलंगवाडीपर्यंत जू वागवलेला खांदा दारव्ह्याच्या बाजारात कोणीही दुरून ओळखील.