यादी मागितली तर अपमान कसला?

मंडळी, पोस्ट मोठी आहे आणि थोडी तांत्रिकही. तरी वाचा. अशा एखाद्या संस्थेच्या कॉम्प्युटरमध्ये तुमच्या घरातल्या कुणाचा तरी नंबर असणारच.

आपल्याच भागातल्या एका संस्थेचं कॉम्प्युटरचं काम मी चार वर्षं विनामोबदला बघतोय. नाव लिहीत नाही, कारण संस्थेचं काम खरंच चांगलं आहे. मुलींना शिष्यवृत्ती, घराबाहेर काढलेल्या बायकांना वकील. प्रत्येकीचा पत्ता, फोन, उत्पन्न, कोर्टाची तारीख, सगळं सेल्सफोर्समध्ये. ही कंपनी सेवाभावी संस्थांना १० लायसन्स फुकट देते, तीच आम्ही वापरतो.

मध्यंतरी निवडणुकीच्या तोंडावर दोन ताई ऑफिसात आल्या. दोघींना एकाच उमेदवाराच्या माणसाचा फोन. "ताई, तुमची केस चालू आहे ना? साहेब लक्ष घालतील. मतदानाचं तेवढं बघा." त्यातल्या एकीने नवऱ्याला सापडू नये म्हणून नंबर बदललेला. नवा नंबर तिच्या आईकडे आणि आमच्याकडे, बस. ती रडली नाही की ओरडली नाही. "तुमच्याकडे कोण कोण बघू शकतं?" एवढंच विचारलं.

मला उत्तर देता आलं नाही. चार वर्षं काम बघणाऱ्या माणसाला!

स्क्रीनवर हे शोधायचं म्हणजे एकेक माणूस उघडा, त्याचं प्रोफाइल बघा, मग त्याला दिलेले परमिशन सेट बघा. आणि गंमत अशी, की परमिशन सेटने हक्क फक्त वाढतात. तीन वर्षांपूर्वी एका कार्यक्रमापुरता दिलेला हक्क कुणी मुद्दाम काढेपर्यंत तसाच राहतो. म्हणून मी कमांड-लाइनला जोडायचं एक फुकट प्लगिन घेतलं. ते टाकताना 'यावर डिजिटल सही नाही, पुढे जायचं का?' असा इशारा येतो. तिथे डोळे झाकून हो म्हणू नका. मी आधी त्याचा कोड वाचला. मग एक ओळ टाइप केली आणि कोणाला काय हक्क, सगळं तक्त्यात हजर. (फाइल सीएसव्ही असेल तर एक्सेलमध्ये थेट डबल क्लिक करू नका, मराठी नावांचा चिवडा होतो. डेटा मेनूतून यूटीएफ-८ निवडून आणा.)

तक्ता असा. १० खाती. त्यातल्या ७ जणांना सिस्टिम ॲडमिनिस्ट्रेटर, म्हणजे सगळं बघा, बदला, पुसा. २ जण संस्था सोडून गेलेले, खाती चालूच. एक खातं नुसतं 'ऑफिस' नावाचं, पासवर्ड टेबलाच्या काचेखाली, वापरणारे पाच. शेवटच्या लॉगिनचा रकाना बघितला तर सोडून गेलेल्यांपैकी एक जण १९ दिवसांपूर्वी आत येऊन गेलेला.

त्यानेच नंबर दिले का? मला सिद्ध करता येणार नाही. कोण कधी आत आलं हे लॉगिनच्या नोंदीत सहा महिने मिळतं. पण आत येऊन कुणाचं पान उघडलं, काय उतरवून घेतलं, याची सविस्तर नोंद पैसे मोजून घ्यावी लागते. ती आम्ही घेतलेली नाही. म्हणून त्याच्यावर आळ घेत नाही. दार उघडं कुणी ठेवलं, ते मात्र सांगतो. आम्ही. त्या ७ पैकी ३ जणांना ॲडमिन मीच केलंय. "काम अडतंय हो" म्हणून फोन यायचा, मी चहा पिता पिता देऊन टाकायचो.

आता खरा मुद्दा. तक्ता घेऊन विश्वस्तांकडे गेलो. पहिलं वाक्य ऐका, "अहो, इथे सगळे घरचेच आहेत. तुम्ही काय आम्हाला चोर समजता?"

काका, देवळाची दानपेटी पंचांसमोर उघडता तेव्हा पुजाऱ्याला चोर समजता का? पावतीपुस्तकाचे नंबर ऑडिटर जुळवतो तेव्हा खजिनदार रुसून बसतो का? वर्गणीच्या ५१ रुपयांचा हिशेब फळ्यावर लागतो आणि बाईचा पत्ता कोण बघतो हे विचारलं की अपमान?

दुसरं वाक्य त्याहून भारी, "बरं, ती यादी ग्रुपवर टाका, सगळे बघतील." मी टाकली नाही. ॲडमिन कोण, कुठलं खातं बेवारस, हे दाखवणारा तक्ता म्हणजे चोराच्या हातात घराचा नकाशा. छापील प्रत दाखवली आणि परत घेतली.

कायद्याचंही सांगतो. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहितीचा कायदा संस्थांनाही लागतो. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, मुख्य जबाबदाऱ्यांना १८ महिन्यांची मुदत आहे. माहिती नीट न सांभाळल्याचा दंड २५० कोटींपर्यंत. आमच्यासारख्यांना तेवढा लागणार नाही हो, पण "आम्ही समाजसेवा करतो" हे उत्तर चालणार नाही.

मागण्या साध्या आहेत. सोडून गेलेल्यांची खाती आजच बंद करा. (सेल्सफोर्समध्ये खातं पुसता येत नाही, बंद करता येतं. जुन्या नोंदी जागच्या जागी राहतात, म्हणजे तीही सबब नाही.) 'ऑफिस' खातं मोडा. ॲडमिन दोघेच ठेवा. दर तीन महिन्यांनी हा तक्ता काढून बैठकीत सही करा. काढायला पाच मिनिटं लागतात, चहा येईपर्यंत होतं.

रविवारी पाचला बैठक आहे. पहिला हक्क माझाच काढा, असं लेखी दिलंय. आणि त्या ताईंना मी स्वतः जाऊन कोण कोण बघू शकत होतं ते सांगणार आहे, दहाच्या दहा खाती. विश्वस्तांनी परवानगी दिली नाही तरी.