ग्राफिक कार्ड सगळ्यात शेवटी

ऑक्टोबर २०२५ या एकाच महिन्यात जुन्या गेमिंग पीसींवर दोन घाव पडले. १४ तारखेला मायक्रोसॉफ्टने विंडोज १०चा आधार काढून घेतला. त्याच महिन्यात एनव्हिडियाने जीटीएक्स ९६०, १०५० टीआय, १०६० वगैरे पिढ्यांच्या कार्डांसाठी नव्या गेमनुसार ड्रायव्हर काढणं थांबवलं. ऑक्टोबर २०२८पर्यंत दर तिमाहीला सुरक्षेपुरता ड्रायव्हर मिळेल, बस्स. यातलं जीटीएक्स १०६० जुलै २०१६मधलं. स्टीम दर महिन्याला खेळाडूंच्या मशीनची जी पाहणी करतं, तिच्यात २०२२च्या अखेरीपर्यंत बराच काळ हेच कार्ड पहिल्या क्रमांकावर होतं. तेव्हा ही मूठभर शौकिनांची रड आहे असं समजू नये.

मालाडमध्ये तर असा पीसी निव्वळ गेमिंगचा नसतोच. मालवणीत काय किंवा कुरारमध्ये काय, वन रूम किचनमध्ये दुसऱ्या संगणकाला जागा कुठली? मुलगा रात्री ज्यावर व्हॅलोरंट खेळतो त्याच मशीनवर दिवसा वडिलांचं टॅली चालतं, अकरावीचा प्रवेश अर्ज भरला जातो आणि म्हाडाच्या लॉटरीत नशीबही आजमावलं जातं. त्यामुळे पीसी बदलायचा विषय निघाला की घरात पक्ष पडतात. मुलाला नवं ग्राफिक कार्ड हवं असतं. वडिलांच्या मते चालती वस्तू बदलणं हा माज. तिसरा पक्ष स्टेशनजवळच्या गाळ्यातला दुरुस्तीवाला. त्याचं ठरलेलं असतं, ‘‘बॉस, इसमें दम नहीं रहा, पूरा सेट बदल दो.’’ वीस-पंचवीस हजारांत भागवायचं असेल तर यातल्या कुणाचंच पूर्ण ऐकून चालत नाही. त्यातल्या त्यात वडिलांचं जरा जास्त ऐकावं.

कारण यातलं बरंचसं म्हातारपण लादलेलं आहे. विंडोज ११ला टीपीएम २.० ही सुरक्षेची यंत्रणा लागते, सिक्युअर बूट लागतं, आणि प्रोसेसर निदान इंटेलच्या आठव्या पिढीचा किंवा रायझन २००० मालिकेतला लागतो. जानेवारी २०१७मध्ये आलेला आय७-७७००के त्या वेळी गेमिंगवाल्यांच्या स्वप्नातला प्रोसेसर होता. तो या नियमाने बाद. त्याच सातव्या पिढीतला आय७-७८२०एचक्यू मात्र यादीत बसला. मायक्रोसॉफ्टच्या स्वतःच्या सरफेस स्टुडिओ २मध्ये तो बसवलेला होता. कंपनीने त्यासाठी ड्रायव्हरचं तांत्रिक कारण दिलं. ज्याला पटेल त्याने पटवून घ्यावं.

घाई करायचं मात्र कारण नाही. घरगुती ग्राहकाला विंडोज १०ची सुरक्षा अपडेट १३ ऑक्टोबर २०२६पर्यंत वाढवून घेता येतात. सेटिंग्जचा बॅकअप मायक्रोसॉफ्टच्या खात्यात ठेवला तर फुकट, नाहीतर १००० रिवॉर्ड पॉइंट किंवा ३० डॉलर. ‘बायपास मारून’ विंडोज ११ टाकून देणारेही गल्लोगल्ली आहेत, पण त्यात एक गोम आहे. व्हॅलोरंटची व्हॅनगार्ड ही पहारा ठेवणारी यंत्रणा विंडोज ११वर टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट तपासते. ही दोन्ही चालू नसतील तर ज्या गेमसाठी हा खटाटोप केला, तोच उघडत नाही. ‘बॅटलफील्ड ६’लाही सिक्युअर बूट लागतं. या लादलेल्या म्हातारपणाला एक सरकारी अंगही आहे. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने डिसेंबर २०२२मध्ये ‘राइट टू रिपेअर’ पोर्टल सुरू केलं, मोबाइलसारख्या वस्तूंसाठी दुरुस्तीयोग्यतेचा निर्देशांक ठरवायचं कामही हाती घेतलं. चांगल्या वस्तूला सॉफ्टवेअरच्या जोरावर भंगारात काढणाऱ्या डेस्कटॉपच्या धंद्याकडेही या खात्याने बघायला हवं.

खर्चाकडे वळण्याआधी एक फुकटची तपासणी. गेम चालू ठेवून टास्क मॅनेजर उघडावा. ग्राफिक कार्ड ९५-१०० टक्क्यांवर असेल तर अडचण कार्डात आहे. प्रोसेसरचे सगळे कोअर भरलेले आणि कार्ड निम्म्यावर निवांत, असं दिसलं तर नवं कार्ड घेऊन एफपीएस जेमतेम वाढतील. डिस्क १०० टक्के दाखवत असेल तर पुढचं काही बघायचीच गरज नाही. हार्ड डिस्क काढावी, एसएसडी टाकावी. फिरणारी हार्ड डिस्क सेकंदाला शे-दीडशे एमबी वाचते, साधी साटा एसएसडी पाचशेच्या वर. खरा फरक विखुरलेल्या छोट्या फायली वाचताना पडतो. तिथे हार्ड डिस्क सेकंदाला शंभरेक वाचनांत थकते आणि एसएसडी हजारोंच्या घरात जाते. गेममध्ये नवा भाग लोड होताना चित्र मधेच अडखळतं, त्याचं खापर पुष्कळदा विनाकारण कार्डावर फुटतं.

रॅमचंही तेच. लॉकडाउनमध्ये घेतलेल्या पुष्कळ मशीनमध्ये आठ जीबीची एकच पट्टी असते. तशीच दुसरी लावली की क्षमता दुप्पट होते आणि दोन्ही चॅनेल एकदम चालू लागतात. ही सूचना दोन वर्षांपूर्वी डोळे मिटून करता आली असती. २०२५च्या शेवटी मात्र एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरी चिपचा बाजार गिळला आणि भाव काही महिन्यांत दुप्पट-तिप्पट झाले. मायक्रॉनने ३ डिसेंबर २०२५ रोजी क्रुशियल हा आपला ग्राहकांसाठीचा ब्रँडच बंद करत असल्याचं जाहीर केलं. भारतातल्या अनेक बजेट पीसींत याच क्रुशियलच्या पट्ट्या आहेत. जुनी डीडीआर४ रॅम आता जपायची चीज झाली आहे, आणि ‘पूरा सेट’ घेण्याविरुद्धचा सर्वात भक्कम मुद्दाही तोच. नवा सेट म्हणजे बहुधा डीडीआर५, म्हणजे भडकलेल्या बाजारात नव्याने रॅम विकत घेणं.

आता मशीनला वीज पुरवणारा एसएमपीएस. गेमिंगवाल्या पोरांना ज्याचं सर्वात कमी कौतुक, तो हा पत्र्याचा डबा. स्वस्त कॅबिनेटबरोबर फुकट आलेल्या डब्यावर ‘४५० वॉट’ असं ठसठशीत छापलेलं असतं. खरा आकडा शेजारच्या बारीक अक्षरांत सापडतो. १२ व्होल्टच्या रकान्यात १८ अँपियर लिहिलं असेल तर बारा गुणिले अठरा, म्हणजे २१६ वॉट. ग्राफिक कार्ड आणि प्रोसेसर जगतात ते याच रकान्यावर. आरएक्स ६६०० हे त्यातल्या त्यात मितव्ययी कार्ड, तरी एकटं १३२ वॉट खातं आणि त्याच्यासाठी एएमडी ४५० वॉटचा चांगला एसएमपीएस सुचवते. ‘८० प्लस’चा शिक्का बघावा, पण तो कार्यक्षमतेचा शिक्का आहे. वीज वरखाली झाली तर डबा वेळेवर बंद पडेल याची हमी त्यात नाही. त्यासाठी नाव असलेली कंपनी आणि पाच वर्षांची वॉरंटी बरी. मार्व्याच्या बाजूला खारा वारा, बाकी उपनगरात बांधकामांची धूळ, वर चार महिन्यांचा पाऊस. कॅबिनेटच्या स्क्रूंना तांब चढतो आणि एसएमपीएसच्या पंख्यात कधीकधी पालही सापडते. दहा वर्षं हे सोसलेल्या डब्यावर वीस हजारांचं कार्ड टांगणं हा निव्वळ जुगार आहे. कार्डाच्या बजेटमधले तीन-चार हजार आधी इथे घालावेत, आणि सोबत प्रोसेसरवरची वाळून खडखडीत झालेली थर्मल पेस्टही बदलून घ्यावी. शंभर-दोनशे रुपयांच्या या कामाने उन्हाळ्यातली कितीतरी मशीन ताळ्यावर येतात.

मदरबोर्डचं नशीब मात्र ज्याचं त्याचं. लॉकडाउनच्या सुमारास कुणी रायझन ५ ३६०० आणि बी४५० बोर्ड घेतला असेल तर तो सुखी माणूस. एएमडीचं एएम४ सॉकेट २०१६चं, पण त्याच सॉकेटमध्ये एप्रिल २०२२मधला रायझन ५ ५६०० बसतो आणि पुढचा ५७००एक्स३डीसुद्धा. जुना प्रोसेसर जागेवर असतानाच बायोस अपडेट करायचा, एवढं लक्षात ठेवावं. ते काम चालू असताना वीज गेली तर बोर्ड कायमचा झोपू शकतो, म्हणून यूपीएस हवा. इंटेलवाल्यांचं दुःख वेगळं आहे. आय५-७४०० ज्या एलजीए ११५१ सॉकेटमध्ये बसतो, त्याच नावाच्या सॉकेटात आठव्या पिढीचा प्रोसेसर मावतो, पण जुन्या चिपसेटवर चालत नाही. उरतो तो जुन्या बाजारातला आय७-७७००. तो आपल्या वयाच्या मानाने महाग मिळतो आणि विंडोज ११च्या यादीत तरीही बसत नाही. त्यात एक रुपयाही घालू नये.

एवढं झाल्यावर पैसे उरले तर ग्राफिक कार्ड. त्यातही स्वस्त म्हणून फसवणारी कार्डं आहेत. जानेवारी २०२२मध्ये आलेलं आरएक्स ६५०० एक्सटी बोर्डाशी फक्त चार लेनने बोलतं. नव्या बोर्डावर ते खपून जातं, जुन्या पीसीआय एक्स्प्रेस ३.०च्या बोर्डावर घोटाळतं. इंटेलचं आर्क बी५८० डिसेंबर २०२४मध्ये २४९ डॉलरला आलं, तेव्हा सगळ्यांनी उचलून धरलं. पुढच्याच महिन्यात चाचण्यांमध्ये दिसलं की जुन्या प्रोसेसरबरोबर त्याची दमछाक होते. शिवाय त्याला बोर्डात रिसाइझेबल बार ही सोय लागते आणि ती अनेक जुन्या बोर्डांत नसते. म्हणजे जुन्या पीसीवाल्याला परवडणारं कार्ड जुन्या पीसीत चालण्यासाठी बनलेलंच नव्हतं! दुसरीकडे ‘इंडियाना जोन्स अँड द ग्रेट सर्कल’ आणि ‘डूम: द डार्क एजेस’ या गेमना रे ट्रेसिंगची सोय असलेलं कार्डच लागतं. जीटीएक्स १०६०वर सेटिंग कितीही खाली आणली तरी उपयोग नाही. ज्याला हेच गेम खेळायचे आहेत त्याने खुशाल कार्ड घ्यावं. व्हॅलोरंट, काउंटर-स्ट्राइक आणि जीटीए ५मध्येच रमणाऱ्याने शेजाऱ्याचं बघून घेऊ नये. स्टीमवरचे निम्म्याहून जास्त खेळाडू आजही १०८० पिक्सेलच्या पडद्यावरच खेळतात.

खरेदीसाठी मालाडहून स्लो लोकल पकडून ग्रँट रोडला उतरायचं आणि लॅमिंग्टन रोड, म्हणजे कागदोपत्री डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, गाठायचा हा जुना रिवाज. पाऊण तासाचा प्रवास आजही वसूल होतो, मात्र आधी ऑनलाइन भाव पाहून ठेवावा आणि रविवारी जाऊ नये, बहुतेक शटर खाली असतात. ‘बिल के बिना’ भाव ऐकून हुरळून जाणारे पुष्कळ. १८ टक्के जीएसटी वाचतो हे खरं, पण तीन वर्षांच्या वॉरंटीचा दावा करायची वेळ आली की बिल मागितलं जातं. जुन्या कार्डाच्या बाबतीत आणखी सावध राहावं. १५ सप्टेंबर २०२२ रोजी इथेरियमचं मायनिंग संपलं आणि दिवसरात्र राबलेली कार्डं जगभरच्या जुन्या बाजारात आली. मायनिंगचं कार्ड वाईटच असतं असं नाही, पण विक्रेत्यासमोर अर्धा तास गेम चालवून तापमान आणि पंख्याचा आवाज पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत. जो अर्धा तास द्यायला तयार नाही, त्याच्याकडून घेऊच नये.

आणखी एक वाट आहे. संगणकांचा भाडेकरार संपल्यावर कंपन्या जे डेल ऑप्टिप्लेक्स किंवा एचपीचे डेस्कटॉप काढून टाकतात, ते स्वस्तात मिळतात आणि त्यात आठव्या-नवव्या पिढीचा आय५ असेल तर विंडोज ११चाही प्रश्न मिटतो. मात्र एसएमपीएस छोटा, त्याच्या पिना कंपनीच्या स्वतःच्या, आणि कॅबिनेट अनेकदा अर्ध्या उंचीचं. त्यात ७५ वॉटचं, बुटकं जीटीएक्स १६५० बसतं. हे कार्ड पुढच्या पिढीतलं असल्याने ड्रायव्हरच्या कुऱ्हाडीतूनही सुटलं आहे. घरकाम आणि हलके गेम एवढंच हवं असेल तर हा सौदा वाईट नाही.

पूर्ण मशीन बदलायची वेळ कुणावर आलीच असेल, तर ती डीडीआर३ रॅम आणि चौथ्या पिढीचा आय५ असलेल्यांवर. तिथे बोर्ड, प्रोसेसर किंवा रॅमवर टाकलेला पैसा पुढे कशातच वापरता येत नाही. अशांनी डीडीआर५च्या मागे न लागता जुन्या बाजारात एएम४चा बोर्ड, प्रोसेसर आणि रॅम असा जोडसंच शोधावा. २०२०च्या सुमारास पीसी घेतलेले खेळाडू पुढच्या सॉकेटवर उड्या मारतात तेव्हा हे संच रॅमसकट विकायला येतात, आणि सुट्या नव्या रॅमचा भाव पाहिला की त्यातला फायदा लगेच कळतो.