खरा शेजारधर्म

ठाकुर्ली हे डोंबिवली व कल्याण यांच्यामधील लहानसे रेल्वे स्थानक होय. सकाळी कामावर निघालेल्या गर्दीत एखादी माता आठ-नऊ वर्षांच्या मुलाला उचलून घेऊन उभी असलेली दिसते. मुलाचे हातपाय ताठ असतात. मान स्थिर राहत नाही. त्याला उपचारांसाठी सुमारे ४० किलोमीटर दूर, परळच्या वाडिया बालरुग्णालयात न्यावयाचे असते. अशा खेपा वर्षानुवर्षे कराव्या लागतात.

परंतु प्रवासाच्या कष्टांपेक्षा तिला लोकांच्या नजरा अधिक बोचतात. कोणी टक लावून पाहतो, कोणी बाजूला सरकतो. लग्नमुंजीचे आमंत्रण देताना शेजारी मुलाला घरीच ठेवण्याचे सुचवतात. त्याची बहीण मैत्रिणींना घरी बोलावीनाशी होते. आजार एका मुलाला असतो. एकटेपणा मात्र साऱ्या घराला भोगावा लागतो.

याच्या मुळाशी अज्ञान आहे. या विकाराला सेरेब्रल पाल्सी म्हणतात. जन्मापूर्वी, जन्मसमयी किंवा जन्मानंतर थोड्याच काळात मेंदूला इजा झाल्याने तो उद्भवतो. तो संसर्गाने पसरत नाही आणि पूर्वजन्मीच्या पापाचे फळही नव्हे. शरीर साथ देत नाही म्हणून बुद्धीही मंदच असणार, हा समजही खरा नाही. मुंबईच्या मिठू अलूर यांच्या कन्येला, मालिनीला, हाच विकार होता. अशा मुलांना योग्य शिक्षण मिळावे म्हणून त्यांनी १९७२ साली कुलाब्यास शाळा काढली. मालिनी पुढे पदवीधर झाल्या, उच्च शिक्षणासाठी लंडनला गेल्या आणि एका बोटाने टंकलेखन करून त्यांनी आपले आत्मचरित्र लिहिले. ते २०१० साली प्रसिद्ध झाले.

कोणी म्हणेल, 'हे काम सरकारचे आहे.' सरकारचे कर्तव्य मोठे आहे, यात शंका नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ या कायद्यात सेरेब्रल पाल्सीसह २१ प्रकारच्या दिव्यांगत्वांचा समावेश आहे. कायदा अशा मुलासाठी शाळेचे दार उघडू शकतो; परंतु मधल्या सुट्टीत त्याच्याशेजारी बसून डबा खाण्यास तो कोणालाही भाग पाडू शकत नाही. ते काम वर्गमित्रांचेच आहे.

हे काम अवघडही नाही. मुलाला त्याच्या नावाने हाक मारावी आणि उत्तर यावयास वेळ लागला तर थांबावे. त्याच्या आईला गाडीत आधी चढू द्यावे. एखाद्या सायंकाळी वडीलधाऱ्यांसह त्याच्याजवळ तासभर बसावे, म्हणजे तिला निश्चिंतपणे बाजारहाट करता येईल. दया दाखवणारे पुष्कळ भेटतात. त्या कुटुंबाला उणीव असते ती येण्याजाण्याची. संक्रांतीस तिळगूळ घेऊन चार घरी जाणाऱ्या मुलांनी पाचवे घर त्याचे धरावे. शेजारधर्माचा आरंभ तेथूनच होतो.